चार नंबरचा पाय

"न्हाय येत म्हणली," समर्थनं सायकल चिंचेला टेकवत सांगितलं. "पोहायलाबी न्हाय, आंबे पाडायलाबी न्हाय. आपल्यासंगं बोलायचंबी न्हाय म्हणली."

"असं कसं?" शिवप्रिया विहिरीच्या काठावरून उठली. "मे महिना निम्मा सरला आणि दैवशाला एकदाबी पाण्यात उतरली न्हाय. बुडी मारून तळाचा दगड कोण आणणार? तू?"

"म्या काय कमी हाय का?"

"मागच्या साली तुला वर काढायला तीच उतरली होती."

गौरीशंकर हा शिवप्रियाचा दहा वर्षांचा भाऊ. तो कैरी तिखट-मिठात बुडवत होता. तो हसला आणि ठसकला. त्याच्या पाठीत एक धपाटा घालून शिवप्रियानं चप्पल पायात सरकवली. "चला. तिला विचारूनच येऊ."

समर्थच्या वडिलांच्या रानात दैवशालाच्या बापाची, बब्रुवान धनगराची, मेंढरं बसली होती. उन्हाळ्यात रान मोकळं असतं. मेंढरं महिनाभर तिथं बसली की त्यांच्या लेंड्यांनी माती पुढच्या पिकाला तयार होते. लिंबाखाली पाल, पालाभोवती ताणलेली जाळी, जाळीत दीडशे मेंढरं. आणि पालाच्या दारात, मांडीवर दोन दिवसांचं कोकरू घेऊन, दैवशाला.

गावातली माणसं म्हणायची, पोर वाऱ्यासारखी आहे. आज वारा पडलेला होता.

"दैवशा, चल की," शिवप्रिया म्हणाली.

"म्या शाळा सोडली. शाळेतल्या पोरांसंगं कशाला खेळू?"

"सोडली? आता आपण आठवीत जायचं."

"तुमी जा."

जाळीच्या खुंट्या ठोकत असलेल्या बब्रुवाननं हात थांबवला. तो हळू आवाजात बोलणारा माणूस होता. आज त्याचा आवाज आणखी हळू होता, म्हणून जास्त लागला. "पोरांनो, आमी कुणाच्या दारात बूट मागाय गेलो न्हवतो. जूनमधी मेंढरं घेऊन आमी डोंगराच्या पल्याड जाणार. दैवशाला संगं येणार. जिथं चोर म्हणत्यात तिथं लेक कशाला धाडू?"

तिघांनी माना खाली घातल्या. कारण चोर म्हटलं होतं तेव्हा तिघंही तिथंच उभे होते.

झालं होतं ते असं. मार्चात शाळेत दया सप्ताह होता. भिंतीवर मोठा तक्ता लागला, 'आज मी कोणावर दया केली?' पोरांनी रोज एक ओळ लिहायची. कुणी मुंगीला वाचवलं, कुणी म्हातारीला पाणी दिलं. गौरीशंकरनं लिहिलं, 'अक्काला अर्धी शेंगापोळी दिली,' आणि ते साफ खोटं होतं. शेवटच्या दिवशी कुठल्याशा दया-संस्कार मंडळाचे माणिकप्पा आले. पांढरा सदरा, गळ्यात भगवा-पांढरा पंचा, छातीवर बिल्ला, 'दयादूत'. त्यांनी मुख्याध्यापक कल्याणप्पा सरांच्या कानात काही सांगितलं. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि दैवशालाला बोलावलं.

तिच्या पायात तेव्हा चांगल्या वहाणा होत्या. टायरच्या तळाच्या, बाजारातून बापानं निवडून आणलेल्या. माणिकप्पा म्हणाले, "त्या बाहेर काढून ये बाळ. अनवाणी ये." मग तिला खुर्चीवर बसवलं. वर्गातल्या दोन मुलींनी तिचे पाय धुतले. पांढरे बूट घातले. निळी पट्टी होती त्यांना. मोबाइलमध्ये सगळं टिपलं गेलं. "आता हस," माणिकप्पा म्हणाले. "आणखी हस."

आणि एक मे रोजी, निकालाच्या दिवशी, ती पुन्हा वहाणांतच आली. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नवे बूट कुठं आहेत?"

"ते सायेब परत घेऊन गेले. नंबर बदलून देतो म्हणले."

सरांनी तिथल्या तिथं माणिकप्पांना फोन लावला. दोन मिनिटं बोलले. फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "ते म्हणतात, आम्ही दिलेलं परत घेत नाही. मुलांनो, दया करणाऱ्यांची किंमत ठेवा. काही लोक दयेनं दिलेली वस्तू बाजारात विकून मोकळे होतात."

सव्वाशे पोरांनी एकदम दैवशालाच्या पायांकडं पाहिलं.

आत्ता लिंबाखाली उभी असलेली शिवप्रिया म्हणाली, "मीबी बघितलं होतं, दैवशा. तुझ्या पायाकडं."

"ठावं हाय," दैवशाला म्हणाली. "तुझंच बघितलेलं लई लागलं."

कोकरानं तिचं बोट चोखायला सुरुवात केली. तिनं वर पाहिलं नाही.

परत येताना शिवप्रिया भरभर चालत होती. समर्थला सायकलवरूनही तिला गाठता येईना. "माझा राग कुणावर हाय तेच मला कळंना," ती म्हणाली. "सरांवर हाय, त्या दयादूतावर हाय, आणि थोडा माझ्यावर हाय. आधी त्याच्यापासून सुरू करू. बूट नेले कुठं त्यानं?"

"त्याचे व्हिडिओ हायत की," गौरीशंकर म्हणाला. "अप्पांच्या मोबाइलवर रोज येत्यात."

शिवप्रिया-गौरीशंकरच्या वडिलांचं, महांतप्पांचं, किराणा दुकान दुपारी झोपलेलं असायचं. खुद्द महांतप्पाही गव्हाच्या पोत्यांना टेकून घोरत होते. गौरीशंकरनं सराईतपणे त्यांच्या हाताखालून मोबाइल ओढला. तिघं काउंटरमागं, फरशीच्या गारव्यात बसले.

'एकशे एक शाळा, एकशे एक हसू.' शंभर शाळांचे शंभर व्हिडिओ. भूमकडची शाळा, तेरच्या बाजूची वस्तीशाळा, कुठली कुठली. प्रत्येकात एक खुर्ची, एक अनवाणी मूल, पाय धुणाऱ्या मुली आणि पांढरे बूट. खाली लोकांनी जोडलेले हात टाकलेले. मागं एकच बासरी वाजत होती. इतकी गोड की दात शिवशिवावेत.

"सगळ्यांना एकाच जातीचे बूट," समर्थ म्हणाला. "ठोक घेतले असतील."

"खोकं बघ," गौरीशंकर म्हणाला.

"तुला बुटापेक्षा खोकंच दिसतं का?"

"अक्का, दुकानात दिवसभर खोकी मीच फोडतो. बघ की. कोपरा फाटलाय, त्याला तपकिरी टेप लावलीय, आणि टेपचं एक टोक वर आलंय. आता मागचा व्हिडिओ लाव. त्याच्या मागचा लाव."

शिवप्रियानं लावला. मग आणखी एक. मग दैवशालाचा. तिला तो बघायचा नव्हता, पण तिनं बघितला. प्रत्येक खोक्याचा तोच कोपरा फाटलेला. प्रत्येक टेपचं तेच टोक वर.

"शंभर शाळा," ती सावकाश म्हणाली, "आणि एक खोकं."

समर्थनं मोबाइल हातात घेतला. "मग शंभर पोरांच्या पायात एकच जोड कसा बसंल?"

व्हिडिओखाली नंबर होता. शिवप्रियानं घसा साफ केला, पोटातून आवाज काढला आणि फोन लावला. तिला शाळेतल्या बाईंची नक्कल उत्तम यायची. त्याबद्दल ती दोनदा वर्गाबाहेर उभीही राहिली होती.

"नमस्कार. मी अणदूरजवळच्या शिबिरातून बोलतेय. आमच्याकडं एक गरजू विद्यार्थी आहे."

"वा, वा," पलीकडून आवाज आला. "बरं झालं बाई. रविवारी अणदूरला आमचा एकशे एकावा सोहळा आहे, आणि ठरलेलं मूल ऐनवेळी आजारी पडलं. पायाचा नंबर काय?"

"मुलाचं नाव..."

"नाव नंतर. नंबर सांगा. चार असेल तरच आणा. पाच चालणार नाही, टाच दबते."

शिवप्रियानं समर्थच्या पायाकडं पाहिलं. समर्थनं चार बोटं वर केली.

"चार आहे."

"छान. आईबाप आहेत का त्याला?"

"दोघंही आहेत."

"असू द्या, चालेल. आपण नाहीत म्हणू. शर्ट जरा जुना घाला."

फोन ठेवला तेव्हा शिवप्रियाचे कान लाल झाले होते. म्हणजे दैवशालाला निवडलं ते तिला काही हवं होतं म्हणून नव्हे. तिचा पाय चार नंबरचा होता म्हणून. तिचा पाय त्यांनी भाड्यानंसुद्धा घेतला नव्हता, फुकट वापरला होता.

"माझा बाप आत्ता वरचं रान नांगरतोय," समर्थ पुटपुटला. "आन् हा म्हणतोय, न्हाय म्हणू."

ते तसेच कल्याणप्पा सरांच्या घरी गेले. सर कूलरसमोर आमरस खात होते. त्यांनी पोरांना बसायला सांगितलं, वाट्याही मागवल्या. सर वाईट नव्हते. तेच तर अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकलं, खोक्याचा कोपरा पाहिला आणि चष्मा पुसला.

"मोबाइलवर काहीही दिसतं. आणि समजा खोकं एकच असलं, तरी? रविवारी त्या कार्यक्रमात आपल्या शाळेला दयाशील शाळेचं मानपत्र मिळणार आहे. जिल्ह्यात नाव होईल. तुम्ही सुट्टी आहे तर खेळा. मोठ्या माणसांवर संशय घ्यायला शिकवलंय का मी?"

"दैवशालावर घेतलात तो, सर," शिवप्रिया म्हणाली, "ती लहान आहे म्हणून का?"

कूलर घरघरत राहिला. गौरीशंकरनं भरलेली वाटी तशीच खाली ठेवली. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं.

"जा आता," सर म्हणाले.

उन्हं कलताना ते पुन्हा पालावर गेले. या वेळी त्यांनी बब्रुवानला, दैवशालाला आणि तिच्या आजीला, बानूबाईला, सगळं सांगितलं. बानूबाई लोकर पिंजत होती. तिच्या हातात ढग विरघळल्यासारखा दिसत होता.

"एकच जोड हाय म्हणता," ती म्हणाली. "मंग सोडवून आणा की."

"पण तो तोच जोड आहे हे कसं सांगायचं, आज्जी? सर म्हणाले, पुरावा न्हाय."

बानूबाईनं नातीकडं पाहिलं. दैवशाला जमिनीवर काडीनं रेघा मारत होती.

"सांग की गं. का म्या सांगू?"

"आज्जी म्हणली, घरात आलेल्या जितराबाला खूण लागती," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज जाळीमागून आल्यासारखा होता. "आमच्या मेंढरांच्या अंगावर दोन रेघा आन् मधी टिपका असतो. बुटाला वरनं केली असती तर पोरी हसल्या असत्या. म्हणून आतली गादी उचलली आन् खाली तापल्या तारेनं केली. गेरू भरला. डाव्या बुटात." ती थांबली. "दोन रात्री उशाला घेऊन निजले. तिसऱ्या दिशी तो आला."

समर्थनं खिशातला रुमाल काढून उगाचच सायकलची सीट पुसली.

"आमच्यात रीत हाय," बब्रुवान आता खुंटी टाकून जवळ आला. "मेंढरू चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं, बाजारात गेलं, तर भांडायचं न्हाय. पाच माणसं गोळा करायची. पाठ फिरवून उभं ऱ्हायचं आन् जनावर बघायच्या आधी खूण सांगायची. खरी निघाली तर राजानं बी ते अडवायचं न्हाय."

बानूबाईच्या तोंडातून ओळी अशा निघाल्या, जसं पिंजताना लोकर निघते:

"मेंढरू चुकलं गं, चुकू दे बाजारात,
खूण त्याच्या अंगावरी, नाव माझ्या काळजात."

"तुला यावं लागंल," शिवप्रिया दैवशालाला म्हणाली.

"त्या खुर्चीसमोर पुन्ना? न्हाय."

"खुर्चीवर मी बसतो," समर्थ म्हणाला. "तू फक्त पाठ फिरवून उभी ऱ्हा."

दैवशालानं हातातली काडी मोडली. मेंढरं परतत होती, घंटांचा आवाज रानभर पसरला होता. मग तिनं शिवप्रियाकडं पाहिलं. त्या दिवसातलं ते पहिलं पाहणं होतं. "मला बूट नगं हायत. फक्त म्या विकले न्हाईत, एवढं सरांनी म्हणायचं."

"एवढंच," शिवप्रिया म्हणाली.

रविवारी सकाळी अणदूरच्या मंगल कार्यालयात पंखे फिरत होते आणि तीच बासरी वाजत होती. पहिल्या रांगांत बऱ्याच शाळांचे मुख्याध्यापक. त्यांत फेटा बांधलेले कल्याणप्पा सर. व्यासपीठावर पाहुण्या म्हणून शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. आणि मधोमध ती खुर्ची.

बाई बाहेर थांबल्यात असं सांगून आत शिरलेल्या समर्थला माणिकप्पांनी पडद्यामागं तपासलं. बाजारात बैल बघतात तसं. "शर्टाचं वरचं बटण तोड. केस विस्कट. चप्पल काढ. विचारलं तर फक्त मान हलवायची. रडू आलं तर फारच उत्तम."

"न्हाय आलं तर?"

"प्रयत्न कर."

बासरी मोठी झाली. माणिकप्पांनी माईक धरला. "या अनाथ लेकराच्या पायाला आजवर काटे टोचले. आज त्याच्या पायात आपली दया चढणार आहे." टाळ्या पडल्या. खोकं उघडलं. पाहुण्या बाई बूट घेऊन वाकल्या.

समर्थनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मांडी घालून बसला.

"पाय खाली घे बाळ," माणिकप्पा हसत म्हणाले.

"घेतो. आधी एक इचारतो. ह्ये बूट कुणाचे हायत?"

"तुझेच, बाळा."

"माझे न्हाईत. आन् म्या अनाथबी न्हाय. माझा बाप रानात नांगर धरून हाय. त्यानं ऐकलं तर तुमाला औताला जुंपंल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माणिकप्पांनी माईक बाजूला केला आणि समर्थचा दंड धरला. पण तेवढ्यात दालनाच्या मागच्या दारातून एक आवाज आला. उंच नव्हता. रानात दूरच्या मेंढराला हाक घालायची सवय असलेल्या गळ्याचा होता, म्हणून सगळीकडं पोचला.

"त्या बुटांची खूण सांगते. आधी ऐका, मंग बघा."

दैवशाला व्यासपीठाकडं पाठ करून उभी होती. पायात टायरच्या वहाणा. तिच्या एका बाजूला बब्रुवान, खांद्यावर घोंगडी. दुसऱ्या बाजूला शिवप्रिया आणि गौरीशंकर.

"डावा बूट," दैवशाला म्हणाली. "आतली गादी उचला. टाचंकडं दोन उभ्या रेघा हायत, मधी टिपका. तापल्या तारेनं केल्यात. गेरू भरलाय. माझ्या घरी आले त्या रातीच केली. खोटं असंल तर म्या चोर. खरं असंल तर कोण, ते तुमी ठरवा."

"ही काय भानगड आहे?" माणिकप्पा म्हणाले. "कार्यक्रमात गोंधळ नको. मुली, नंतर भेट."

"नंतर न्हाय," शिवप्रिया म्हणाली. "कल्याणप्पा सर, तुम्हीच बघा. तुमच्यावर आमचा संशय न्हाय."

सगळ्या रांगा कल्याणप्पा सरांकडं वळल्या. सर उठले. फेटा जरा कलला होता, तो त्यांनी नीट केला नाही. व्यासपीठावर चढायला तीनच पायऱ्या होत्या, पण त्यांना वेळ लागला. त्यांनी डावा बूट उचलला. बोट घालून गादी वर केली. आत पाहिलं.

मग त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा पाहिलं. बासरी कुणीतरी बंद केली होती, म्हणून पंख्याचा प्रत्येक फेरा ऐकू येत होता.

"आहे," सर म्हणाले.

"काय आहे?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"दोन रेघा. मध्ये टिपका. गेरू." त्यांनी बूट बाईंच्या हातात दिला. "माझ्या शाळेच्या मुलीचा आहे हा. मी तिला..." त्यांनी फेटा उतरवून हातात घेतला.

दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. "आमच्याही शाळेतून नंबर बदलायला नेले होते. आम्हाला वाटलं, येतील परत." तिसऱ्या रांगेतले गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं पोराची आई रडत आली होती. मीच तिला गप्प केलं." एकामागून एक माणसं उठत गेली. आपापल्या शाळेतलं एक मूल प्रत्येकाला आत्ता आठवत होतं. इतके दिवस कुणाला आठवलं नव्हतं.

माणिकप्पांच्या कपाळावर घाम आला, पण माईक त्यांनी सोडला नाही. "हेतू बघा. हे व्हिडिओ बघून हजारो लोक दया शिकतात. बुटांचं काय घेऊन बसलात?"

दैवशाला तेव्हा वळली. पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडं तोंड केलं.

"दया शिकवायला माझेच पाय पायजे होते का?" ती म्हणाली. "माझ्या वहाणा चांगल्या होत्या. तुमी काढाय लावल्या. म्या मागितलं न्हवतं. दिलं, नेलं, आन् वर चोर म्हणलासा. ह्याला आमच्यात दया म्हणत न्हाईत. ह्याला काय म्हणत्यात ते माझे अण्णा हितं हायत म्हणून सांगत न्हाय."

बब्रुवाननं घोंगडी खांद्यावर सारखी केली. "सांग," तो म्हणाला. "म्या तिकडं बघतो."

सगळं दालन एकदम गलबललं. हसू होतं त्यात, आणि हसण्याखाली दुसरंही काही होतं. माणिकप्पा बाजूच्या दारानं निसटायला वळले, तर तिथं गौरीशंकर फाटक्या कोपऱ्याचं खोकं पोटाशी धरून उभा.

"ह्येबी घेऊन जायचं का?" त्यानं विचारलं. "का आणखी एक शाळा ऱ्हायलीय?"

पाहुण्या बाईंनी मग कडक आवाजात काम हाती घेतलं. सगळे व्हिडिओ आजच्या आज काढायचे. सगळ्या शाळांतल्या मुलांच्या घरी मुख्याध्यापकांनी स्वतः जायचं. मानपत्रांचा गठ्ठा त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला. शेवटी त्या खाली उतरून चौघांजवळ आल्या. "शाबास. आम्ही शंभर जणांनी पाहिलं आणि आमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही चौघांनी आमचे डोळे उघडलेत. या, एक फोटो घेऊ तुमच्याबरोबर."

"फोटो नको, बाई," शिवप्रिया म्हणाली.

बाईंचा उचललेला हात खाली आला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चुकलंच."

त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कल्याणप्पा सर रान तुडवत पालावर आले. मोटारसायकल त्यांनी बांधावर लावली होती. बब्रुवाननं घोंगडी अंथरली, बानूबाईनं दुधाचा चहा ठेवला. घरी आलेल्याला चहा न देणं त्यांना जमलं नसतं, मग राग कितीही असो.

सर बसले नाहीत. "बब्रुवान, मी चुकलो. दैवशाला, मी चुकलो. मी त्या माणसाला विचारलं. तुझ्या घरी येऊन विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. तू शाळेत यावंस एवढीच विनंती आहे."

बब्रुवाननं त्यांच्या हातात कप दिला. दैवशाला कोकराला थोपटत राहिली. बोलली ती बानूबाई.

"गुरुजी, तुमी पोरीला चोर म्हणलासा ते हितं, मेंढरांपुढं म्हणलासा का?"

"नाही. शाळेत. सगळ्या मुलांपुढं."

"मंग माफी मेंढरांपुढं कशाला मागता? मेंढरांनी तिला कवाच चोर म्हणलं न्हवतं."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचे कान मावळतीसारखे लाल झाले होते. "जूनमध्ये," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. प्रार्थनेला."

ते गेल्यावर समर्थनं बब्रुवानला विचारलं, "तात्या, मग दैवशाला येणार?"

"मला काय इचारता?" बब्रुवान म्हणाला. "पाठ फिरवून पाच माणसांत तीच बोलली. म्या तर नुसता घोंगडी घेऊन उभा व्हतो." त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं कौतुक एवढंच असायचं, आणि ते फार असायचं.

जूनच्या मधल्या आठवड्यात शाळा उघडली. मेंढरं डोंगराकडं निघून गेली होती. बानूबाई मात्र गावात एक खोली घेऊन नातीसाठी मागं राहिली.

प्रार्थना संपली. कल्याणप्पा सर कागद न घेता पुढं आले. "एक मे रोजी याच जागेवर मी दैवशालाला चोर ठरवलं. ती खरं बोलत होती. मी खोटा निघालो. तिची आणि तिच्या घराची मी तुमच्यासमोर माफी मागतो. हे शोधून काढलं शिवप्रिया, समर्थ आणि गौरीशंकर यांनी. मी त्यांना हाकलून दिलं होतं, तरीही. यांच्याकडून मला शिकायला मिळालं." ते थांबले. "भिंतीवरचा दयेचा तक्ता मी काढलाय. दया केली की लिहून दाखवायची सवय मीच तुम्हाला लावली. आता एवढंच करा. कुणाविषयी काही ऐकलंत, तर आधी त्याला जाऊन विचारा."

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, पण आजूबाजूला पाहून ते तसेच खाली आले. सव्वाशे पोरं उभी होती. या वेळी कुणीच पायांकडं पाहत नव्हतं.

आठवीच्या वर्गात शिवप्रिया खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसली होती. शेजारची जागा तिनं दप्तर ठेवून धरली होती. दैवशाला दारात आली. ती सरळ त्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"राग गेला का?" शिवप्रियानं हळूच विचारलं.

"न्हाय," दैवशाला म्हणाली. "संगंच घेऊन आले. दप्तर उचल, सरक तिकडं."